निकालाआधी लागलेला निकाल

कुस्तीच्या फडात पंचाने विजयी मल्लाचा हात वर केल्याखेरीज निकाल लागला असे कोणी मानीत नाही. पैठण रस्त्यावरील बिडकीनसारख्या बाजारगावातही जत्रेच्या दिवशी नारळावरच्या पहिल्या जोडीपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हजारो प्रेक्षक आरडाओरडा करतात, आपापल्या गावच्या पैलवानाची बाजू घेतात, पाठ लागली की नाही यावर हमरीतुमरीवर येतात. परंतु निकाल देण्याचा अधिकार पंचाचा, हे तत्त्व त्या गदारोळातही अबाधित राहते. संघटित क्रीडाक्षेत्रात मात्र या साध्या तत्त्वाची उलटापालट झालेली दिसते. तेथे पंच बोलण्यापूर्वीच प्रेक्षक निकाल देऊन मोकळे होतात आणि त्या प्रेक्षकांच्या हाती निकालाची सामग्री देण्याचे काम पुष्कळदा शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या यंत्रणेच्या भोवतालचीच माणसे करीत असतात.

खेळाडूवर आरोप झाला, तर त्याची चौकशी कोणी करावी, ती पूर्ण होईपर्यंत तिच्यातील मजकूर कोणाला कळावा, शिक्षेविरुद्ध दाद कोठे मागावी आणि ती दाद किती दिवसांत ऐकली जावी, हे चार प्रश्न वरवर पाहता क्रीडापानावरचे वाटतात. वस्तुतः ते न्यायाचे प्रश्न आहेत. ज्या शिक्षकाने वा कारकुनाने खातेनिहाय चौकशीला कधी तोंड दिले असेल, त्याला त्यांचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नांचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मल्ल नरसिंग यादव याचे २०१६ मधील प्रकरण होय.

मुंबईत दूधव्यवसाय करणाऱ्या कुटुंबातून आलेल्या नरसिंगने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०११, २०१२ व २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'ची गदा पटकाविली. राज्याच्या पोलीस दलाने त्याला उपअधीक्षकपद दिले. २०१५ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकमधील भारताची जागा निश्चित केली. त्याच गटात दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशील कुमार होता. निवडचाचणी घ्यावी, ही त्याची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने ६ जून २०१६ रोजी फेटाळली आणि नरसिंगचा मार्ग मोकळा झाला, असे सर्वांना वाटले.

त्यानंतरचा घटनाक्रम वेगवान होता. २५ जून आणि ५ जुलै रोजी घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन या बंदी असलेल्या द्रव्याचा अंश आढळला. २४ जुलै रोजी ही बातमी देशभर पसरली आणि अधिकृत दुजोराही मिळाला. सुनावणी अद्याप व्हावयाची होती. सोनीपतच्या सराव शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी घातपाताने हे द्रव्य मिसळले, असा नरसिंगचा दावा होता; त्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच द्रव्य सापडले होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या शिस्तपालन मंडळाने १ ऑगस्ट रोजी हा दावा ग्राह्य धरून त्याला दोषमुक्त केले. जागतिक संस्थेने त्या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे अपील केले. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे नरसिंगच्या लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने घातपाताचा दावा अमान्य करून त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. रिओला पोहोचलेला मल्ल मॅटवर पाऊल न ठेवता परतला.

नरसिंग निर्दोष होता, असे प्रतिपादन करण्याचा येथे हेतू नाही. पहिल्या नमुन्यातील द्रव्याचे प्रमाण एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्याखेरीज संभवत नाही, असे तज्ज्ञांचे मत लवादापुढे होते, आणि घातपात सिद्ध करणारा भक्कम पुरावा खेळाडूला देता आला नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी प्रथमदर्शनी खेळाडूचीच, हा नियम कठोर असला तरी अनाठायी नाही. तो नसता तर प्रत्येक दोषी मल्लाला एखादा अज्ञात शत्रू सापडला असता. जागतिक संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. ज्या देशात ही स्थिती आहे, तेथे शिस्त सैल करण्याची मागणी कोणीही समंजस मनुष्य करणार नाही. प्रश्न शिस्त असावी की नसावी हा नसून, ती कोणत्या मार्गाने अमलात यावी हा आहे.

फुटलेल्या बातमीची किंमत

२४ जुलै ते १८ ऑगस्ट या सव्वीस दिवसांत महाराष्ट्रात आणि देशात जे घडले, ते न्यायप्रक्रियेचे चित्र नव्हते. शिबिराच्या स्वयंपाकघरात कोण शिरले, कोणत्या पदार्थात काय मिसळले, कोणाचे कोणाशी वैर होते, याच्या कहाण्या 'विश्वसनीय सूत्रां'च्या हवाल्याने रोज प्रसिद्ध होत होत्या. अर्ध्या लोकांनी नरसिंगला फसवा ठरविले, उरलेल्या अर्ध्यांनी त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या गोटाला कटवाले ठरविले. यांपैकी एकाही निष्कर्षाला शपथेवरील साक्षीचा आधार नव्हता. ज्यांच्यावर कोणताही आरोप दाखल नव्हता अशा माणसांची नावेही या चर्चेत गोवली गेली, हे विशेष शोचनीय.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील फुटबॉलचा अग्रगण्य खेळाडू टॉम ब्रेडी याचे प्रकरण याच काळातले. १८ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या सामन्यात त्याच्या संघाने चेंडूंतील हवा नियमापेक्षा कमी ठेवली, असा आरोप झाला. दोनच दिवसांत एका मोठ्या क्रीडावाहिनीने, लीगमधील सूत्रांच्या आधारे, बारांपैकी अकरा चेंडूंत हवेचा दाब प्रत्येकी दोन पौंडांनी कमी असल्याचे वृत्त दिले. मे महिन्यात चौकशी अहवालातून मोजणीचे खरे आकडे बाहेर आले, तेव्हा तफावत त्या वृत्तात सांगितल्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याचे दिसून आले. परंतु मधल्या साडेतीन महिन्यांत लोकमताचा निकाल लागून गेला होता. ज्याने चुकीचा आकडा बाहेर सोडला त्याला शिक्षा झाल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्याविषयी तो सोडला गेला त्याला मात्र तो आयुष्यभर चिकटला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर फुटलेली बातमी ही अशी वस्तू आहे की जिचा लाभ एकाला होतो आणि खर्च दुसऱ्यावर पडतो. बातमी देणाऱ्या अधिकाऱ्याला काही मोजावे लागत नाही. उलट पत्रकाराची मर्जी आणि आपल्या बाजूला अनुकूल वातावरण त्याच्या पदरात पडते. वृत्तपत्राचा खप वाढतो. वाचकाची करमणूक होते. या सर्व व्यवहाराची संपूर्ण किंमत जो मोजतो, त्या खेळाडूची मात्र या सौद्यात संमती घेतलेली नसते. ज्या वस्तूची किंमत ती निर्माण करणाऱ्याला द्यावी लागत नाही, तिचे उत्पादन बेसुमार वाढते. कारखान्याने नदीत सोडलेल्या सांडपाण्याला जो नियम लागू, तोच येथेही लागू पडतो.

याच्याही पुढे एक धोका आहे. बातमी फुटली की चौकशी करणाऱ्यांचे हात बांधले जातात. ज्या संस्थेच्या सूत्रांनी आरोप जगभर पोहोचविला, त्या संस्थेला नंतर 'पुरावा अपुरा आहे' असे म्हणणे जड जाते, कारण त्यात तिचीच नाचक्की होते. उलटपक्षी, लोकभावना खेळाडूच्या बाजूने उसळली असेल, तर मंडळाला त्याला दोषी ठरविणे कठीण होते. दोन्ही परिस्थितींत निर्णय पुराव्याकडे पाहून न होता गर्दीकडे पाहून होण्याचा संभव वाढतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, गुप्ततेच्या पडद्याआड संस्था आपली पापे झाकतात आणि बातमी फोडणारेच ती उजेडात आणतात. आक्षेपात तथ्य आहे. रशियातील उत्तेजकांचे सरकारी कारस्थान २०१४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरील वृत्तपटामुळे आणि २०१६ मध्ये खुद्द मॉस्कोच्या प्रयोगशाळेच्या माजी संचालकाने दिलेल्या माहितीमुळे जगापुढे आले. अन्यथा ते दडपलेच गेले असते. तथापि या दोन प्रकारांत मूलभूत भेद आहे. एकात दुर्बळ माणूस स्वतःला धोक्यात घालून बलवान संस्थेचे कृत्य चव्हाट्यावर आणतो. दुसऱ्यात बलवान संस्थेतील कोणीतरी, स्वतःचे नाव झाकून, एकट्या पडलेल्या आरोपीविषयीचा कागद बाहेर सरकवितो. पहिल्याला लोकजागृती म्हणता येईल. दुसरा प्रकार सत्तेचा दुरुपयोग होय. दोहोंना 'शोधपत्रकारिता' हे एकच नाव देणे म्हणजे पोलीस आणि दरोडेखोर दोघेही दार ठोठावतात म्हणून दोघांना एकच मानण्यासारखे आहे.

फिर्यादी तोच न्यायाधीश

ब्रेडीला चार सामन्यांच्या निलंबनाची शिक्षा झाली. त्याने अपील केले, पण ते ऐकले कोणी? लीगच्या ज्या आयुक्ताच्या अधिकारात शिक्षा दिली गेली, त्याच आयुक्ताने. त्याने जुलै २०१५ मध्ये शिक्षा कायम केली. सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायालयाने ती रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताधिक्याने ती पुन्हा लागू केली. चेंडूत हवा किती होती, याची वरिष्ठ न्यायालयाने पुन्हा मोजदाद केली नाही. खेळाडूंच्या संघटनेने आणि लीगने केलेल्या करारातच आयुक्ताला हा अधिकार दिलेला आहे, मग न्यायालयाने त्यात हात का घालावा, असा त्या निर्णयाचा आशय होता. जुलै २०१६ मध्ये ब्रेडीने लढा सोडून दिला. त्याच महिन्यात सात समुद्रांपलीकडे नरसिंगचा लढा सुरू होत होता.

या निर्णयापासून घ्यावयाचा बोध असा की, न्यायाची लढाई आरोप झाल्यानंतर न्यायालयात जिंकता येईलच असे नाही. ती नियम लिहिले जातात त्या दिवशी जिंकावी किंवा हरावी लागते. अमेरिकन खेळाडूंची निदान संघटना तरी होती आणि तिने वाटाघाटी करून करार केला होता. भारतीय मल्ल वा धावपटू छापील अर्जावर सही करतो तेव्हा त्याच्या वतीने त्या अर्जातील कलमांवर कोणी वाटाघाट केलेली नसते.

आपल्याकडील क्रिकेटचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. १९८९ साली परवानगीविना अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळल्याबद्दल नियामक मंडळाने कपिल देव, दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री, महंमद अझरुद्दीन, किरण मोरे आणि अरुण लाल या सहा खेळाडूंवर एक वर्षाची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती बंदी टिकली नाही. त्याच अझरुद्दीनवर डिसेंबर २००० मध्ये सामनानिश्चितीच्या आरोपावरून आजन्म बंदी आली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली ती नोव्हेंबर २०१२ मध्ये. तोपर्यंत ९९ कसोटी खेळलेल्या या फलंदाजाचे खेळण्याचे वय उलटून गेले होते. मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण याला २०१३ साली आजन्म बंदी झाली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले, तरी मंडळाची बंदी तशीच राहिली आणि २०२१ साली ती सात वर्षांवर आणण्यात आली तेव्हा ती सात वर्षे केव्हाच सरली होती. यांतील कोण खरोखर दोषी होता, हा वेगळा प्रश्न. परंतु आरोप ठेवणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकाच छपराखाली बसत असेल, तर खरोखर दोषी असलेल्यालाही आपल्यावर अन्याय झाला असे म्हणण्याची सोय होते आणि लोकांना ते पटूही लागते.

खुद्द कुस्तीत फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत जे घडले ते अजून विस्मृतीत गेलेले नाही. पंचाचा निर्णय अमान्य करून शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर आणि पंचाशी वाद घालणाऱ्या महेंद्र गायकवाड याच्यावर राज्य कुस्तीगीर संघाने लगोलग तीन वर्षांची बंदी जाहीर केली. पंचाच्या अंगावर जाणाऱ्या मल्लाची बाजू कोणीही घेणार नाही. पंचाची प्रतिष्ठा गेली तर आखाड्यात उरेल ती केवळ मारामारी. तरीही मल्लाचा संताप ज्या निर्णयावर होता तो निर्णय बरोबर होता की चूक, हे तपासण्याची तत्पर आणि तटस्थ सोय आखाड्याच्या बाजूलाच उपलब्ध असती, तर लाथेला निमित्त राहिले नसते आणि शिक्षेच्या न्याय्यतेविषयी शंकाही उरली नसती.

या पार्श्वभूमीवर आपल्या परिचयाच्या एका कायद्याची आठवण करणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली जो अधिनियम झाला आणि त्याखाली १९८१ मध्ये जे नियम आले, त्यांनुसार शिक्षकाची चौकशी करणाऱ्या समितीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने स्वतः सुचविलेला आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला असतो. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि त्या न्यायाधिकरणावर व्यवस्थापनाचा ताबा नसतो. ही व्यवस्था सर्वत्र निर्दोषपणे चालते असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यामागील तत्त्व स्वच्छ आहे: ज्याच्या पोटावर पाय येणार, त्याचा विश्वास असलेला एक तरी माणूस निर्णयाच्या टेबलाशी असला पाहिजे. गावच्या शाळेतील शिक्षकाला जे संरक्षण १९८१ पासून उपलब्ध आहे, ते देशासाठी पदक आणणाऱ्या मल्लाला का नसावे?

काळाची भरपाई नाही

शिक्षकाचे वा कारकुनाचे निलंबन आणि खेळाडूचे निलंबन यांत आणखी एक फरक आहे आणि तो अधिक दारुण आहे. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो. निर्दोष ठरल्यास तो थकबाकीसह कामावर परततो. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेतील दोन वर्षांचा मनस्ताप वाईटच, परंतु त्याची काही अंशी तरी भरपाई होऊ शकते. मल्लाच्या भरभराटीचा काळ उणापुरा दहा वर्षांचा. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येते. १९८९ साली जन्मलेला नरसिंग बंदी लागली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. २०२० मध्ये ती संपली तेव्हा एकतीसचा. या चार वर्षांची थकबाकी कोणत्याही कोषागारातून अदा होऊ शकत नाही. म्हणूनच खेळाडूच्या बाबतीत उशिरा मिळालेला न्याय आणि न मिळालेला न्याय यांत फरक उरत नाही.

शिवाय कर्मचारी एका मालकाकडून निघून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला एका कारखान्याचे फाटक बंद झाले, तर निदान शेजारच्या फाटकावर जाऊन उभे राहता येते. मल्लाला तसे करता येत नाही. त्याच्या कौशल्याला देशात एकच महासंघ मान्यता देतो, जगात एकच संघटना स्पर्धा भरविते. जेथे खरेदीदार एकच असतो, तेथे विकणाऱ्याची सौदाशक्ती शून्यावर येते. आणि अशा मक्तेदारीच्या हाती शिस्तभंगाचेही अधिकार असतील, तर तिच्यावर बाहेरचा अंकुश असणे अपरिहार्य ठरते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या अर्थाने 'राज्य' नाही, असे तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले. तरी मंडळाचे काम सार्वजनिक स्वरूपाचे असल्याने उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध दाद मागता येते, हेही मान्य केले. हा अंकुश मोलाचा आहे, पण तो महागडा आहे आणि संथही आहे.

येथे नरसिंग प्रकरणाचा एक धडा खेळाडूंच्या चाहत्यांनीही मनावर घेतला पाहिजे. राष्ट्रीय मंडळाने त्याला दोषमुक्त केले तेव्हा पेढे वाटले गेले. परंतु त्या निर्णयाला वरच्या लवादापुढे टिकेल असा पुराव्याचा पाया नव्हता आणि अठरा दिवसांतच तो कोसळला. घरच्या पंचाने सहानुभूतीने दिलेली कुस्ती परक्या पंचापुढे टिकत नाही. राष्ट्रीय पातळीवर चौकशी अधिक कसून झाली असती, शिबिरातील स्वयंपाकघराची नोंदवही, पाण्याच्या बाटल्या आणि औषधांचा साठा वेळीच सीलबंद होऊन तपासला गेला असता, तर घातपाताचा दावा एक तर सिद्ध झाला असता किंवा तेथेच संपला असता. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने या प्रकरणी गुन्हा नोंदविला. पण क्रीडा लवादाचे घड्याळ फौजदारी तपासासाठी थांबत नाही. मल्लाच्या प्रेमापोटी केलेली ढिलाई अखेर मल्लालाच भोवली.

करावयाचे काय?

२०१६ नंतर काही पावले पडली आहेत, हे नमूद केले पाहिजे. २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियमाने शिस्तपालन आणि अपील मंडळांना कायद्याचे अधिष्ठान दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि त्याच वेळी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने क्रीडाविषयक तंट्यांसाठी राष्ट्रीय न्यायाधिकरणाची तरतूद केली. दिशा योग्य आहे. परंतु न्यायाधिकरणाची पाटी लावल्याने न्याय होत नाही; ती पाटी लावलेल्या खोलीत कोण बसतो आणि किती दिवसांत बोलतो यावर तो अवलंबून असतो.

पहिली गरज कालमर्यादेची आहे. स्पर्धा तोंडावर आलेली असताना घेतलेल्या नमुन्याचा अहवाल, सुनावणी आणि अपील यांचे वेळापत्रक स्पर्धेच्या तारखेशी जुळवून आधीच ठरलेले असावे. लढतीच्या आदल्या रात्री निकाल ऐकविण्याची पाळी पुन्हा कोणावर येऊ नये. दुसरी गरज तटस्थतेची. आरोप ठेवणारी संस्था आणि निर्णय देणारे मंडळ यांत सभासद, कार्यालय आणि पैसा या तिन्ही बाबतींत अंतर असावे आणि खेळाडूने सुचविलेला एक जाणकार त्या मंडळात बसावा. नरसिंग यादव स्वतः २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष निवडला गेला. असे आयोग केवळ सत्काराच्या व्यासपीठापुरते न राहता नियम लिहिण्याच्या टेबलाशी पोहोचले, तर त्यांना अर्थ प्राप्त होईल.

तिसरी गरज गुप्ततेच्या उत्तरदायित्वाची. नियमपुस्तकांत गोपनीयतेची कलमे आजही आहेत. नाहीत ती ती मोडणाऱ्याला शोधणारी माणसे. प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रे कोणाकोणाच्या हातून गेली याची नोंद ठेवावी आणि मजकूर फुटल्यास त्याची स्वतंत्र चौकशी आपोआप सुरू व्हावी. खेळाडूच्या शरीरात बंदी असलेले द्रव्य सापडले की ते कसे आले हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकला जातो. मग संस्थेच्या कपाटातून कागद बाहेर आला, तर तो कसा गेला हे सांगण्याचा भार संस्थेवर का नसावा? कठोर जबाबदारीचे तत्त्व दोन्ही बाजूंना सारखे लागू झाले, तरच त्याला न्याय म्हणता येईल.

चौथी गोष्ट वृत्तपत्रांच्या हातची आहे. आरोपाची बातमी देऊ नये, असे कोणी सुचविणार नाही. परंतु 'सूत्रां'कडून मिळालेला आकडा छापण्यापूर्वी ते सूत्र या वादात कोणाच्या बाजूचे आहे, एवढे तरी संपादकाने स्वतःला विचारावे. आणि आरोपाला जितक्या रुंदीचा मथळा दिला, तितकीच रुंदी निकालालाही द्यावी, मग तो निकाल कोणताही असो. वाचकांचेही काही कर्तव्य आहे. शाळेतील सहकाऱ्याविरुद्ध निनावी अर्ज आला तर 'आधी चौकशी होऊ द्या' असे म्हणणारा सुजाण माणूस, खेळाडूच्या बाबतीत मात्र सकाळच्या चहाबरोबर निकाल देऊन टाकतो. ही विसंगती त्याने स्वतःशीच तपासून पाहावी.

या सर्व विवेचनाचा संबंध केवळ नामवंतांशी आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची ठरेल. नामवंताला वकील मिळतो, महासंघ पाठीशी उभा राहतो, त्याची दखल देश घेतो. तालुक्याच्या तालमीत घाम गाळणाऱ्या, औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून ताकदीची पावडर विकत घेणाऱ्या आणि तिच्या डब्यावरील इंग्रजी मजकूर नीट न कळणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला यांपैकी काहीही येत नाही. त्याच्या हाती येते ती नोटीस, आणि गावाच्या हाती येते ती बातमी. निषिद्ध द्रव्यांची यादी आणि अपिलाचे नियम त्याला मराठीतून, तालमीच्या भिंतीवर, वस्तादाच्या तोंडून कळावेत, अशी व्यवस्था करण्यास फारसा खर्च येत नाही. राज्याचे क्रीडा खाते आणि कुस्तीगीर संघ यांनी मनावर घेतले, तर येत्या हंगामाआधी ती होऊ शकेल. जी शिस्त समजावून सांगितली जात नाही, जिच्याविरुद्ध वेळेत दाद मागता येत नाही आणि जिची अंमलबजावणी बंद खोलीत होण्याऐवजी चव्हाट्यावर होते, ती शिस्त नव्हे. ती केवळ दहशत होय, आणि दहशतीने खेळ शुद्ध झाल्याचे उदाहरण कोठेही सापडत नाही.